कस

आमचं दुकान म्हणजे एक मेज, एक तराजू
आणि मुठीएवढा काळा दगड.
कॉन्स्टँटिनोपलच्या राजरस्त्यावर, कमानीखाली,
मेणबत्तीवाल्या फोतिनोसला लागून.
बाप नाणं आधी वाजवायचा,
मग दाताखाली धरायचा, मग दगडावर घासायचा.
"कान फसतो, अन्थूसा. दातही फसतो.
दगडाला कुणाची भीड नाही."

मी सात वर्षांची असताना पाहिलेली रेघ
अजून डोळ्यांत आहे,
अंड्याच्या बलकासारखी.
रात्री दगड मेणाने पुसायचा, हे माझं काम.
मेणाला लागलेलं सोनं वाया जाऊ द्यायचं नाही.
वर्षाच्या शेवटी सगळं मेण वितळवलं
की तळाशी एक कण उरायचा.
दोन वर्षांत आईचं एक कर्णफूल झालं.
दुसरं व्हायचं होतं.

एका सम्राटाने चिमूटभर चांदी मिसळली.
लढाई होती, कारण होतं.
पुढच्याने दोन चिमटी मिसळली,
आधीच्याने मिसळली होती म्हणून.
नाण्यावरचा ख्रिस्त तोच, सिंहासन तेच,
फक्त चेहरा फिकट होत गेला,
रोज "आज बरं आहे" म्हणणाऱ्या
आजाऱ्यासारखा.

संध्याकाळी मेजाभोवती माणसं जमायची,
आणि ज्याचं त्याचं कारण.

पापा सिसिन्निओस म्हणाले, "पाप. दुसरं काय?"
आणि हळूच विचारलं,
दानपेटीतली नवी नाणी
जुन्यांत बदलून मिळतील का.

वार्दास पूर्वेकडून आला होता,
उजवी बाही खांद्याशी गाठ मारलेली.
"चाळीस उंबऱ्यांचं गाव आमचं,
दर उंबऱ्यामागे एक भाला.
मग कारकून आला. म्हणाला,
भाला नको, त्याऐवजी पैसे भरा.
भरले. सोपं वाटलं, खरं सांगतो.
भाले माळ्यावर गंजले. त्या पैशातून
परमुलखातले घोडेस्वार आणले राजधानीने.
त्यांना जुनं नाणं हवं होतं."
इथे तो हसायचा.
"तुर्कांना दार कुणी उघडलं, विचारतात लोक.
अरे, दार होतं कुठे?"

तेल विकणारी कालोमारिया कधी बसायची नाही.
दुष्काळाच्या हिवाळ्यात नऊ पोती गव्हाला
तिची बाग एका सरदाराकडे गेली.
आता स्वतःच्याच झाडांचं तेल
त्याच्या भावाने विकत घेते
आणि दारोदार ओरडते.
तिला साम्राज्याचं विचारलं
तर म्हणाली, "कुणाचं?"

खाडीकाठच्या वखारीतला व्हेनिसवाला
कारण सांगत नसे.
त्याला जकात माफ होती.
नम्रपणे वाकायचा,
आणि स्वतःचा तराजू घेऊन यायचा.

मग तो कर-अधिकारी, ऐन उपासाच्या दिवसांत.
हुकूम वाचला: नवं नाणं जुन्याच्या मोलाने घ्या.
कर भरताना मात्र जुनंच आणा.
खात्री म्हणून त्यानेच एक नाणं मेजावर टाकलं,
बशीसारखं खोलगट, पातळ.
बापाने ते वाजवलं नाही. दाताखाली धरलं नाही.
दगडावर ओढलं.
रेघ उठली ती गोगलगायीच्या मागची.

फोतिनोस बघत होता. वार्दास बघत होता.
मी बापाच्या तोंडाकडे बघत होते.
"चालेल," बाप म्हणाला.

दोष देत नाही. घरात सहा तोंडं होती,
आणि अधिकाऱ्यामागे दोन शिपाई.
पण कुणी मला विचारतं,
एवढं मोठं राज्य कशाने खचलं,
तेव्हा मला ना तुर्क आठवतात, ना पाप.
तो एक शब्द ऐकू येतो,
शेजारच्या मेजावर, त्याच्या पुढच्या मेजावर,
कमानीमागून कमानी, थेट राजवाड्यापर्यंत,
कुणीच न ओरडता म्हटलेला.

त्या वर्षअखेरीस मेण वितळवलं.
आई कर्णफुलाचा साचा घेऊन बसली होती.
फोतिनोसने दिवा जवळ आणला.
तळाशी काहीतरी होतं, करडं.
आईने ते नखाने उचललं, उजेडात धरलं,
आणि मला म्हणाली,
"दगड नीट पुसत जा."